मालाचे नाव आणि व्यापाऱ्याचे व्रत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त कोथरूड येथे आयोजित केलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या ट्रस्टने स्थापनेची पन्नास वर्षे पूर्ण केली, ही आपणा सर्वांना समाधान वाटावे अशी गोष्ट आहे. या निमित्ताने अनेक विद्वानांची व्याख्याने झाली, पुढेही होतील. त्यांच्या मालिकेत माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला उभे केले आहे, तेव्हा तत्त्वचर्चा करण्याचा आव मी आणणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. गादीवर बसून माल दाखवणे, त्याचे नाव सांगणे, भाव सांगणे आणि बिल फाडणे हे माझे आयुष्यभराचे काम. त्यामुळे मी आज बोलणार आहे ते मालाच्या नावाविषयी, आणि तेही कापडाच्या नव्हे तर अन्नाच्या. आपण सर्वच अन्न खातो, आणि आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे किराणा, भुसार, मसाले, मिठाई आणि आडतीच्या व्यवसायात आहेत. खाद्यवस्तूवर छापलेले नाव, खूण आणि गाव हा विषय म्हणूनच आपल्या स्वयंपाकघराचा आहे, दुकानाचा आहे आणि, मला वाटते, आपल्या व्रतांचाही आहे.

पौड रस्त्याच्या टोकाचा तांदूळ

उदाहरण लांबचे नको. आपण कोथरूडकर ज्या पौड रस्त्याने रोज ये-जा करतो, तो चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड करीत मुळशीच्या खोऱ्यात जातो. हे खोरे भाताचे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह गाजला, तो धरणाखाली जाणाऱ्या याच जमिनींसाठी होता. या खोऱ्याची ओळख असलेला तांदूळ म्हणजे आंबेमोहोर. दाणा आखूड, किंचित जाडसर. शिजू लागला की आंब्याच्या मोहरासारखा वास घरभर दरवळतो, म्हणून हे नाव. मऊ भात, त्यावर साधे वरण आणि तूप, किंवा आजाऱ्यासाठी पेज, हे पुण्याच्या घराघरांतले जेवण याच तांदळावर पोसले गेले.

या तांदळाचा शेतकरी मात्र नेहमीच अडचणीत असतो. रोप उंच वाढते आणि पावसात लोळते. करपा रोग त्याला लवकर धरतो. उत्पादन हेक्टरी १९ क्विंटलच्या आसपास सांगितले जाते, जे सुधारित जातींच्या मानाने फारच थोडे आहे. उत्पादन थोडे, म्हणून भाव जास्त, आणि भाव जास्त म्हणून नक्कल. परप्रांतातून येणारे, दिसायला जवळचे आणि स्वस्त तांदूळ, उदाहरणार्थ जिरा सांबर, बाजारात आंबेमोहोर या नावाने विकले जातात. नाव मुळशीचे, धान्य दुसरीकडचे आणि भाव मधला कुठला तरी. गिऱ्हाइकाला वाटते स्वस्तात आंबेमोहोर मिळाला. मुळशीच्या शेतकऱ्याला मात्र कळते की आपल्या मालाचा भाव आपल्याच नावाने पाडला गेला.

बी.कॉम.च्या वर्गात आम्हांला ग्रेशमचा नियम शिकवला होता. हलके नाणे आणि अस्सल नाणे एकाच किमतीने चालू दिले, तर हलके नाणे बाजारात फिरत राहते आणि अस्सल नाणे लोकांच्या पेटीत जाऊन बसते. तांदळाचेही तसेच होते. फरक एवढाच की नाणे पेटीतून केव्हा तरी बाहेर येते; पेरणे सोडून दिलेले बियाणे काही वर्षांत संपते. त्यात पिरंगुट, पौड भागातील जमिनीला आज कशाचा भाव येतो हे आपल्यापैकी ज्यांनी तिकडे जागा घेतल्या आहेत त्यांना मी सांगायला नको. ज्या पिकाचा योग्य मोबदला मिळत नाही ते पीक अशा जमिनीवर टिकणार कसे? असेच चालले, तर आंबेमोहोर हे नाव दुकानात राहील आणि आंबेमोहोर तांदूळ राहणार नाही.

नाव कोणाच्या मालकीचे?

या प्रश्नावर कायद्याने एक उत्तर काढले आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १९९५ मध्ये बौद्धिक संपदेचा जो करार अमलात आला, त्यात गावाच्या, प्रदेशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाला संरक्षण देण्याचे तत्त्व होते. युरोपात ते जुनेच होते. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताबाहेर बनलेल्या मद्याला ते नाव लावता येत नाही, हे आपण ऐकून आहोत. आपल्याला या विषयाची खरी जाग आली ती बासमतीमुळे. १९९७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीला बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळाले, देशभर गदारोळ झाला आणि पुढे ते पेटंट बरेचसे आखडले गेले. आपल्या संसदेने भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये केला आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईला आहे आणि पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. बासमतीची नोंद २०१६ मध्ये झाली.

महाराष्ट्राची यादी मोठी आहे. सोलापूरची चादर, पुणेरी पगडी आणि पैठणी या आमच्या धंद्याच्या जवळच्या वस्तू. खाद्यपदार्थांत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोल्हापूरचा गूळ, नागपूरचे संत्रे, मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, नवापूरची तूरडाळ, सांगलीचा बेदाणा, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, घोलवडचे चिकू, सोलापूरचे डाळिंब, वेंगुर्ल्याचा काजू, कोकणातले कोकम. याच यादीत लासलगावचा कांदा आणि पुरंदरचे अंजीरही आहे. कांदा आपण खात नाही, अंजीर उदुंबर फळांत मोडते म्हणून आपल्यातील अनेक घरांत वर्ज्य आहे. तरी ते पिकवणाऱ्याचे नाव राखणे हे आपल्यालाही मान्य असायला हवे. मुळशीच्या आंबेमोहोराची नोंद २०१६ मध्ये झाली. हापूसची २०१८ मध्ये झाली आणि तो मान पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांना मिळाला.

या कायद्यातील एक गोष्ट मला व्यापारी म्हणून फार विचार करण्यासारखी वाटते. ट्रेडमार्क हा एकाचा असतो. तो विकता येतो, भाड्याने देता येतो, गहाण ठेवता येतो. भौगोलिक मानांकन हे त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे असते. ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ज्या संस्थेच्या नावाने नोंद होते ती संस्था सर्वांच्या वतीने ते सांभाळते, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करते. आपल्या ट्रस्टचे काम पाहणाऱ्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. मंदिराची मिळकत कोणा एका विश्वस्ताची नसते. ती समाजाची असते, आणि विश्वस्त तिची राखण करतो. आंबेमोहोर हे नावही तशीच मिळकत आहे. फरक इतकाच की या मिळकतीला कुंपण नाही; ते नाव पाटीवर लिहिणारा प्रत्येक दुकानदार तिचा विश्वस्त तरी होतो, नाही तर अतिक्रमण करणारा तरी.

नोंदणी झाली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. सीमारेषा ओढली की वाद होतात. मध्य प्रदेशला बासमतीच्या क्षेत्रात जागा मिळाली नाही, तो वाद वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडेही मावळ, भोर, वेल्हे या शेजारच्या भागांत आंबेमोहोर पिकत आला आहे. तेथील शेतकऱ्याचा तांदूळ खोटा असे कोणी म्हणू नये. त्याने मावळचा आंबेमोहोर म्हणून विकावा, मुळशीचे नाव घेऊ नये, एवढीच अपेक्षा. दुसरे असे की प्रमाणपत्र कार्यालयात आणि माल बाजारात असतो. दोघांची गाठ घालून द्यावी लागते. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाची, एकदा काढली की पुन्हा लावता न येणारी चिकटपट्टी लावण्यास सुरुवात केली. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरला जातो ही जुनी तक्रार. तिच्यावर उत्पादकांनी स्वतः शोधलेला हा उपाय आहे. तांदळाच्या दाण्यावर अशी पट्टी लावता येत नाही. तेथे माणसाच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागते.

एका पाकिटावरील अनेक खुणा

आता घरातील भगिनींसाठी आणि पाठशाळेतील मुलांसाठी थोडे सोपे सांगतो. पाकिटावर अनेक खुणा असतात आणि आपण त्या सर्वांना मिळून 'सरकारी शिक्का' म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येक खूण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

पहिला प्रश्न, माल विकणाऱ्याला परवाना आहे का? त्याचे उत्तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक देतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा घेतली आणि ऑगस्ट २०११ पासून ही व्यवस्था सुरू झाली. हा क्रमांक म्हणजे मालाच्या दर्जाचे प्रशस्तिपत्र नव्हे. व्यवसायाची नोंद आहे, एवढेच त्यावरून कळते.

दुसरा प्रश्न, मालाची प्रत कोणती? त्याचे उत्तर ॲगमार्क देतो. हा कायदा १९३७ चा, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीचा. तूप, मध, मसाले, डाळी यांच्या प्रती ठरवून तपासणीनंतर हा शिक्का मिळतो. बहुतेक वस्तूंना तो ऐच्छिक आहे.

तिसरा प्रश्न, माल कुठला? त्याचे उत्तर भौगोलिक मानांकन देते. येथे एक सावधगिरी सांगतो. पाकिटावर पुण्याचा पत्ता असला म्हणजे तांदूळ पुण्याचा असे नव्हे. तो बहुधा माल भरणाऱ्याचा पत्ता असतो. तांदूळ कुठे पिकला हे वेगळे लिहिलेले आहे का, ते पाहावे.

चौथा प्रश्न, माल शाकाहारी आहे का? त्यासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. मांसाहारी पदार्थांवर खूण छापण्याचा नियम २००१ मध्ये आला, आणि पुढे तपकिरी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण आला, जेणेकरून रंग नीट न ओळखता येणाऱ्यांनाही आकारावरून फरक कळावा. या खुणेने आपल्या समाजाची फार मोठी सोय झाली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

पण हिरवा ठिपका आणि जैन आहार या दोन गोष्टी एक नाहीत. मधावर हिरवा ठिपका असतो, कारण कायद्याच्या व्याख्येतून दूध आणि मध वगळलेले आहेत. आपल्याकडे मधाचा त्याग हा श्रावकाच्या मूळ आचारात येतो. बटाट्याच्या वेफर्सवर हिरवा ठिपका असतो, लसणाच्या चटणीवर असतो. काही पदार्थांत चव वाढवण्यासाठी ई-६३१ नावाचे द्रव्य घालतात. ते वनस्पतीपासूनही बनते आणि मासे किंवा मांस यांपासूनही बनते. केवळ क्रमांकावरून काहीच कळत नाही. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असा आदेश दिला की घटकद्रव्याचा केवळ क्रमांक न देता ते वनस्पतिजन्य आहे, प्राणिजन्य आहे की प्रयोगशाळेत तयार केलेले आहे, हेही स्पष्ट करावे. आणि मिठाईवरील चांदीचा वर्ख? तो पूर्वापार जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटत असत. आता यंत्रावर बनवलेलाही मिळतो. सुट्या मिठाईवर हे लिहिलेले नसते. तेथे विचारावेच लागते.

राहिला पाचवा शब्द, 'जैन'. आज वेफर्सपासून पावभाजीच्या मसाल्यापर्यंत अनेक पाकिटांवर हा शब्द दिसतो. तो पाहून आपण निःशंकपणे पाकीट उचलतो. परंतु ॲगमार्कमागे जशी सरकारने ठरवलेली प्रत आहे, मानांकनामागे जशी नोंदणी आहे, तशी कोणतीही व्यवस्था या शब्दामागे उभी नाही. कांदा-लसूण नाही एवढाच अर्थ कोणी घेतो, कोणी कंदमूळ नाही असा घेतो. सुकी हळद चालते, ओली चालत नाही, हा भेद छापणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. ज्या शब्दाने आपली ओळख होते, त्या शब्दाचा अर्थ बाजार ठरवतो आहे. आंबेमोहोर या नावाचे जे झाले ते 'जैन' या नावाचे होऊ नये असे वाटत असेल, तर दुसऱ्याच्या नावाविषयीही आपण तितकेच दक्ष असले पाहिजे.

येथे आणखी एक उदाहरण देतो. इटलीतील पार्मिजानो हे चीज प्रदेशाच्या नावाने संरक्षित आहे, आणि ते करण्याच्या नियमातच वासराच्या जठरातील द्रव्य वापरावे असे आहे. म्हणजे ते जितके अस्सल, तितके आपल्याला वर्ज्य. मूळ गावाची खूण अस्सलपणा सांगते, ग्राह्यता सांगत नाही. म्हणून एक खूण पाहून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरू नये.

शास्त्राने दुकानात पाहिलेले दोष

आता जे सांगणार आहे ते आपल्यापैकी स्वाध्याय करणाऱ्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, मापात कमी-अधिक करणे आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलासारखे दिसणारे देऊन अस्सल म्हणून व्यवहार करणे. श्रावकाचारावरील टीकाग्रंथांत या पाचव्या दोषाची जी उदाहरणे येतात ती थेट किराणा दुकानातली आहेत: चांगल्या साळीत हलके धान्य, तुपात चरबी. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या आचार्यांना बाजार किती बारकाईने माहीत होता! आणि त्यांनी हा दोष केवळ असत्याखाली न टाकता चोरीखाली टाकला, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. खोटे नाव सांगणे म्हणजे काहीतरी उचलून घेणे आहे. गिऱ्हाइकाचे पैसे तर घेतलेच, शिवाय ज्याने ते नाव पिढ्यान्पिढ्या कमावले त्याचे नावही घेतले.

यावर आपले व्यापारी बांधव जे सांगतात तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे.

एक म्हणणे असे, की गिऱ्हाईकच ते नाव मागते. दुसरे नाव सांगितले तर ते उठून शेजारच्या दुकानात जाते. हे खरे आहे. पण आमच्या धंद्यात याच अडचणीवर वाट निघाली आहे. हातमागाची खरी पैठणी परवडत नाही, पण तसे काठ-पदर हवे असतात, अशा भगिनींना आम्ही 'सेमी पैठणी' दाखवतो. नावातच सांगितलेले असते की ही ती नव्हे. हौस भागते, खिसा सांभाळला जातो आणि येवल्याच्या विणकराच्या नावाला धक्का लागत नाही. धान्यातही असे झाले आहे. मावळातील वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी तांदूळ तयार केला. त्याचे उत्पादन जास्त, वास आईकडून आलेला. त्याला कोणी आंबेमोहोर म्हणून विकण्याची गरज पडली नाही. तो इंद्रायणी याच नावाने विकला गेला आणि आज त्या नावाचे स्वतःचे गिऱ्हाईक आहे. परप्रांतातील तांदूळही वाईट नाहीत. छत्तीसगडमधील सरगुजा भागाच्या जिराफूल तांदळाला २०१९ मध्ये स्वतःचे मानांकन मिळाले. दूरच्या तांदळावर आंबेमोहोराची पाटी लावली की दोघांचे नुकसान होते. मुळशीकराचे नाव जाते, आणि त्या दूरच्या शेतकऱ्याचे नाव कधी तयारच होत नाही.

दुसरे म्हणणे असे, की घाऊक व्यापाऱ्याने जे नाव सांगितले तेच आम्ही सांगतो. आम्ही कुठे शेतात पाहायला गेलो होतो? यावर मी पुन्हा त्या पाच अतिचारांकडे बोट दाखवीन. चोरी दुसऱ्याने केली आणि माल आपण घेतला, तर तोही अतिचारच आहे. वस्तूला हे लागू असेल तर नावाला का नसावे? भाव पाहून अनुभवी दुकानदाराला मनात कळलेले असते. आंबेमोहोर इतक्या स्वस्तात कसा, हा प्रश्न त्याला पडतो आणि तो विचारत नाही. ते न विचारणे हाच येथे दोष आहे.

तिसरे म्हणणे, सरकार आहे, तपासनीस आहेत, ते बघतील. कायद्यात खोट्या मानांकनासाठी तुरुंगवास आणि दंड आहे, हे खरे. तुपातली चरबी प्रयोगशाळेत सापडते. परंतु पोत्यातला तांदूळ मुळशीच्या खाचरातला की शेकडो कोस दूरचा, हे रस्त्यावरील तपासनीस कसे ओळखणार? पोत्यात खोचलेली पुठ्ठ्याची पाटी हेसुद्धा लेबलच आहे, आणि तिच्यावर कोणाचाही शिक्का नसतो. ती लिहिणारा हातच तिचा साक्षीदार. कायद्याची हद्द जेथे संपते तेथून व्रत सुरू होते, असे मी समजतो.

गिऱ्हाइकाकडेही थोडा दोष जातो. कोल्हापूरच्या गुळाचे उदाहरण घ्या. त्याला २०१४ मध्ये मानांकन मिळाले. उसाचा रस उकळताना भेंडीच्या झाडाच्या चिकट रसाने मळी काढण्याची तेथील पद्धत आहे. चांगला गूळ बहुधा काळपट-तांबूस असतो. पण आपण दुकानात पिवळाधमक गूळच मागतो, आणि तो रंग यावा म्हणून रसायने पडतात. स्वस्त आंबेमोहोर आणि पिवळा गूळ मागणारे आपणच असतो. खरा माल हवा असेल तर त्याचा खरा रंग आणि खरा भाव दोन्ही स्वीकारले पाहिजेत.

आपल्या ट्रस्टने काय करावे?

भाषणे ऐकून घरी जाण्याची आपल्याला सवय आहे. म्हणून चार लहान सूचना मांडतो. त्या विश्वस्त मंडळाने विचारात घ्याव्यात अशी विनंती आहे.

पहिली, स्वामीवात्सल्य आणि भोजनशाळेसाठी जो तांदूळ, गूळ, हळद, डाळ घेतली जाते, त्यापैकी निदान तांदूळ तरी मुळशीच्या उत्पादकांकडून थेट घ्यावा. अंतर फार नाही. कोथरूडहून पौडला जाऊन यायला अर्धा दिवस पुरतो. वर्षभर नको, मोठ्या प्रसंगी तरी घ्यावा, आणि तो कोणत्या गावाहून आला हे भोजनगृहातील फलकावर लिहावे. शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल आणि आपल्या मुलांना खऱ्या आंबेमोहोराचा वास कळेल. ज्याने खरा वास घेतला आहे त्याला फसवणे अवघड असते.

दुसरी, आपल्यातील किराणा आणि भुसार व्यापाऱ्यांनी घाऊक खरेदीच्या बिलावर जात आणि प्रदेश लिहून मागावा. एकट्याने मागितले तर समोरचा हसेल; दहा-वीस दुकानांनी मिळून मागितले तर तो लिहून देईल.

तिसरी, पाठशाळेत चातुर्मासात एक तास पाकीट वाचण्याचा ठेवावा. मुलांनी घरून रिकामी पाकिटे आणावीत, त्यांवरील खुणा ओळखाव्यात, घटकद्रव्ये मोठ्याने वाचावीत. आजची मुले आपल्यापेक्षा जास्त पाकिटे उघडतात. त्यांना हे आपल्यापेक्षा आधी समजले पाहिजे.

चौथी सूचना व्यापारी बांधवांसाठी आहे. पर्युषणात आपण अनेक त्याग करतो. हिरव्या भाज्या सोडतो, रात्रीचे पाणी सोडतो, कोणी अठ्ठाई करतो. त्याबरोबर एक संकल्प दुकानाचाही असावा: ज्या मालाचे गाव मला ठाऊक नाही, त्याला मी गावाचे नाव लावणार नाही. याला उपवास करावा लागत नाही, पण मी सांगतो, हा संकल्प अठ्ठाईपेक्षा सोपा नाही. कारण उपवास आठ दिवसांनी सुटतो आणि दुकान रोज सकाळी उघडते.

बंधू-भगिनींनो, आपल्या पूर्वजांपैकी कितीतरी जण गावोगावहून मोकळ्या हाताने पुण्यात आले. त्यांच्याजवळ भांडवल नव्हते. शेठजी सांगतात म्हणजे तसेच असेल, हा लोकांचा विश्वास हेच त्यांचे भांडवल होते. त्या काळी माल सुटा विकला जाई, पाकीट नव्हते, ठिपका नव्हता, चौदा अंकी क्रमांक नव्हता. व्यापाऱ्याचा चेहरा हेच लेबल होते. आज छापील खुणा वाढल्या, हे चांगलेच झाले. पण त्या वाढाव्या लागल्या याचा अर्थ आपण समजून घ्यावा. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट स्थापन केला, त्यांनी समाजाचा पैसा समाजासाठी राखला आणि पै-पैचा हिशेब ठेवला. पुढच्या पन्नास वर्षांत आपल्याकडे राखण्यासाठी इमारती आणि ठेवी असतील, तशी नावेही असतील. आपले नाव आणि दुसऱ्याचे नाव, दोन्ही. त्यांचा हिशेबही तितकाच चोख राहावा, एवढीच प्रार्थना.

बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.